गिटार भिंतीवरच टांगावी

बेळगाव-निपाणी पट्ट्यात गिटार आता नवलाची राहिलेली नाही. कॅम्पातल्या ख्रिस्ती घरांत आणि गोव्याशी येणं-जाणं असलेल्या कुटुंबांत ती आधीपासून होतीच. आता टिळकवाडीत आहे, अनगोळात आहे, निपाणीत तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या तिसऱ्या मजल्यावर आहे आणि अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या खोलीवरही आहे. नवी वस्तू घरात आली की ती ठेवायची कुठं यावरून वाद होतातच. ज्यांनी भिंतीला हँगर ठोकून गिटार टांगली, त्यांना येणारा-जाणारा एकदा तरी विचारतोच, "फाशी दिल्यागत काय टांगलाय वो तिला?"

या प्रश्नामागं एक अख्खा पूर्वपक्ष उभा आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. टांगून ठेवली की मान ताणली जाते, वाकते. हँगर निसटला तर चार पैशांची वस्तू चक्काचूर. आपल्या भिंती पावसाळ्यात पाझरतात. वाद्य ही झाकून ठेवायची चीज, दिवाणखान्यात मिरवायची नव्हे. म्हणून गिटार बॅगेत घालावी, बॅग कपाटावर किंवा पलंगाखाली सरकवावी, म्हणजे ती सुरक्षित. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. आपल्या हवेत आणि आपल्या घरांत, जी गिटार रोज-दोन रोजांनी वाजते तिच्यासाठी आतल्या भिंतीवरचा नीट बसवलेला हँगर हीच सगळ्यांत सुरक्षित जागा. बॅग आणि कपाटाचा माथा या जागा वरवर बिनधोक वाटतात, नुकसान मात्र तिथंच होतं.

आधी मानेचं बघू, कारण सगळ्यांची भीती तिथंच अडकलेली असते. साध्या अकूस्टिक गिटारीचं वजन दोन किलोच्या आसपास. तिच्या लाइट गेजच्या सहा स्टीलच्या तारा सुरात लावल्या की सगळ्या मिळून सत्तर किलोंहून जास्त ताण देतात. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार असेल तर हा ताण साधारण ३५ ते ४० किलो. हा भार मान रात्रंदिवस सोसत असते. बॅगेत असताना सोसते, पलंगाखाली असताना सोसते, आपण झोपलेलो असतानाही सोसते. त्यासाठीच स्टीलच्या तारांच्या गिटारीत मानेच्या पोटातून लोखंडी सळी, म्हणजे ट्रस रॉड, घातलेला असतो. सत्तर किलो पेलणाऱ्या मानेला स्वतःचं दोन किलो वजन काय जड होणार? शिवाय तारा हेडस्टॉकला, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला, बुडाकडं खेचतात, तर टांगलेल्या गिटारीचं बूड खाली ओढलं जातं. म्हणजे हिशोब मांडायचाच तर टांगल्यानं मानेवरचा दाब कणभर कमीच होतो. इलेक्ट्रिक गिटार साडेतीन-चार किलोंची असते, तिलाही हाच हिशोब लागू.

मान मोडते ती वेगळ्याच कारणानं. गिटार कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवतात, खाली गुळगुळीत शहाबादी फरशी असते, कुणाचा तरी पाय लागतो किंवा केरसुणीचा फटका बसतो आणि ती घसरून हेडस्टॉकवर आपटते. नटाच्या मागं जिथं हेडस्टॉक मागं कललेला असतो, तिथं लाकूड सगळ्यांत पातळ आणि त्याचे धागे तिरके तुटलेले. तिथंच ती कडाडते. कोपऱ्यात टेकवणारे लोक टांगणाऱ्यांना 'जपा हं' म्हणून सांगतात, हे जरा नवलच.

दुसरा आक्षेप जरा मानाचा आहे. बेळगावला गाण्याचं वेड जुनं. कुमार गंधर्व जवळच्याच सुळेभावीत १९२४ साली जन्मले. पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, त्यांनी 'रावसाहेब' हे व्यक्तिचित्र लिहून इथल्या रसिकतेची ओळख सगळ्या महाराष्ट्राला करून दिली. अशा गावात घरोघरची मोठी माणसं सांगतात की तंबोरा कसा गवसणीत असतो, तो कुणी खिळ्याला टांगतो काय? बरोबर आहे. तंबोरा टांगूच नये. त्याचं बूड म्हणजे वाळवलेला भोपळा. पातळ, ठिसूळ, एका टोल्यात तडकणारा. लांबीही चार-साडेचार फुटांच्या पुढं. भिंतीवर लोंबकळता ठेवून त्याच्या भोपळ्याला धक्के खायला लावायचे कशाला? पण म्हणून गवसणी हा वाद्याचा शिष्टाचार ठरत नाही, तो भोपळ्याचा नाइलाज आहे. मिरजेच्या ज्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांचे नियम सहा तारांच्या लाकडी पेटीला जसेच्या तसे लावणं म्हणजे आदर दाखवताना वाद्यच न बघण्यासारखं आहे. आणि परंपरेचाच दाखला हवा असेल तर गावातल्या देवळात जाऊन बघा. भजनी मंडळाची वीणा आणि पखवाज खुंटीलाच असतात. वीणा भिंतीवर राहिली म्हणून एकादशीला तिचा मान कमी होत नाही.

आता मुख्य मुद्दा, बॅग आणि पाऊस. बेळगावात जून ते सप्टेंबर कपडे दोरीवर वाळत नाहीत, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते, मीठ ओलं होतं. खानापूरकडं सरकलं की आणखी वाईट. गिटार बनवणारे ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता सांगतात. आपल्याकडं पावसाळ्यात ती कित्येक दिवस ऐंशीच्या वर असते. दुकानदार गिटारीबरोबर फुकट देतो त्या पातळ काळ्या बॅगेत ही ओल शिरते आणि अडकून बसते. अस्तर ओल धरतं, वारा लागत नाही. गणपती संपले की पोरगं चेन उघडतं तेव्हा काय दिसतं? तारांवर तांबूस गंज, पट्ट्यावर बुरशी, पुढची फळी घोडीच्या मागं फुगून वर आलेली आणि त्यामुळं तारा मानेपासून उंच गेलेल्या. पोरगं म्हणतं बोटं दुखतात. घरचे म्हणतात हौस संपली.

लाकूड हवेबरोबर कमी-जास्त होतं, हे निपाणीकरांना तरी सांगायची गरज नाही. बिडीची तंबाखू शेतात वाळत घालतात तेव्हा दुपारी पान हातात चुरा होतं; पहाटेच्या दवानं ते नरम पडलं की मगच उचलतात. वखारीत ढीग लावणारा हमालसुद्धा पानाला हात लावून हवेत ओल किती ते सांगतो. तेच लाकडाचं. पावसात फुगतं, फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यात आकसतं, तेव्हा फ्रेटांची टोकं मानेच्या कडेनं बाहेर येऊन हाताला टोचतात. मालाला वारा लागला पाहिजे हे ज्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक, त्यांच्याच घरात गिटार मात्र रेक्झिनमध्ये गुंडाळून पलंगाखाली!

मग 'गिटार पेटीतच ठेवा' हा सल्ला आला कुठून? तो आला थंड देशांतून. तिथं हिवाळ्यात खोल्या हीटरनं तापवतात, आतली हवा ठणठणीत कोरडी होते, उघड्यावरची गिटार तडकते. तिथं घट्ट पेटी आणि पेटीत ओल देणारी डबी, हा शहाणपणा आहे. आपला शत्रू नेमका उलटा. तिकडचा उपाय इथं आणून आपण ओलीला कोंडून ठेवतो. हँगरवर टांगली म्हणून खोलीतली आर्द्रता कमी होते असा माझा दावा नाही. पंखा असलेल्या खोलीत तिला वारा लागतो, आणि बिघाड सुरू झाला की तो डोळ्यांना दिसतो, एवढंच. आणि तेवढं पुष्कळ आहे. जाड, कडक पेटी, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या वेळोवेळी तापवून पुन्हा वाळवायच्या, एवढं जो नेमानं करतो त्याची गिटार पेटीत उत्तम राहील. असा माणूस मला भेटला तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

कपाटाच्या माथ्याबद्दल एकच सांगतो. वर पत्रा किंवा उन्हानं तापलेला स्लॅब असतो, एप्रिलमध्ये तिथं हात ठेवून बघा. उष्णतेनं डिंक ढिला पडतो आणि तारांच्या ओढीनं घोडी मागून उचकटू लागते.

भिंती पाझरतात हा आक्षेप मात्र मी मान्य करतो, आणि म्हणूनच 'भिंत' म्हणताना 'आतली भिंत' म्हणतो. पश्चिमेच्या, पाऊस झोडपणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर काहीही टांगू नये, देवाची तसबीरसुद्धा नको. न्हाणीघराला किंवा स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत टाळावी. खिडकीतून थेट ऊन पडेल ती जागाही नको. दोन खोल्यांच्या मधली कोरडी भिंत बहुतेक घरांत सापडतेच. आणखी एक रास्त आक्षेप आहे: जुन्या, महागड्या काही गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं आणि हँगरच्या रबराशी त्याची विक्रिया होऊन डाग पडतात. आपल्याकडं खपणाऱ्या बहुतेक गिटारींवर पॉली फिनिश असतं, त्यांना हा धोका नाही. शंका असेल तर हँगरच्या हातांवर जुन्या धोतराची सुती पट्टी गुंडाळा. मान एकदा मोडून जोडलेली असेल तर मात्र ती गिटार टांगू नये, पेटीतच आडवी असू द्यावी.

खंडन इथवर. आता ठोकायचं कसं ते, कारण टांगणाऱ्यांच्या बाजूनंही मूर्खपणा कमी नाही. चिकटवायचे हुक आणून त्यावर गिटार अडकवणारे लोक आमच्याच पक्षाची बदनामी करतात. पावसाळ्यात चुना किंवा डिस्टेंपर सुटतो तो हुकासकट सुटतो. एका खिळ्याला सुतळीचा फास करून टांगणारे दुसरे. त्यात गिटार गिरक्या घेते आणि तार पिळायच्या चाव्या भिंतीला घासतात. 'फाशी' हा शब्द यांच्याबाबतीत खरा आहे. हँगरला दोन हात हवेत, त्यांच्यावर हेडस्टॉकचे रुंद खांदे दोन्ही बाजूंनी टेकले पाहिजेत. वजन पडताच पुढून आपोआप मिटणारे हँगर मिळतात, घरात लहान पोरं असतील तर ते घ्यावेत.

आपल्या भिंती एका जातीच्या नाहीत, हीच खरी मेख. बेळगावच्या जुन्या घरांत जांभा दगड. त्यात ड्रिल हॅमरवर लावून घातलं की आधी विटकरी धूळ भुरभुरते, मग एखाद्या पोकळीत बिट धसकन आत जातं आणि भोक वाकडं, मोठं होतं. जांभ्यात हॅमर बंद ठेवून सावकाश भोक पाडावं आणि दगडाचा भरीव भाग सापडेपर्यंत जागा दोन-तीन इंच बदलायला लाजू नये. विटेच्या भिंतीत सांध्यातल्या गिलाव्यात नव्हे, विटेतच भोक हवं. वरचं प्लास्टर अर्धा-पाऊण इंच असतं, ते काहीच धरत नाही, स्क्रू त्याच्या पलीकडं विटेत किमान दीड इंच गेला पाहिजे. निपाणीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन फूट जाड, पण आत माती. त्यात प्लास्टिकचा गट्टू दात धरतच नाही. तिथं लाकडी खांबाला किंवा तुळईला फळी मारून फळीवर हँगर बसवावा. किंवा बांधताना भिंतीत खोल रोवलेली जुनी लाकडी खुंटी शाबूत असेल तर तिलाच फळी जोडावी. आजोबांचा फेटा आणि पावसात भिजलेली घोंगडी तिनं पेलली आहे, गिटार काय पेलणार नाही? स्विचबोर्डाच्या थेट वर किंवा खाली भोक पाडू नये, आत वायर असते. दोन गिटारी शेजारी टांगायच्या तर हँगरमध्ये किमान दीड फूट अंतर हवं, मोठ्या अकूस्टिकचं बूडच सोळा इंचांच्या आसपास भरतं. हँगर बसवला की पहिली रात्र त्याला गिटार नको, दहा किलो तांदळाची पिशवी अडकवा. सकाळी पिशवी जागेवर असेल तर मग गिटार.

शेवटचा आक्षेप 'शोभेची वस्तू' म्हणून. होय, दिसते, आणि दिसते म्हणूनच वाजते. बॅग काढा, चेन उघडा, गिटार सुरात लावा, वाजवा, परत घाला, एवढा सोपस्कार दहा मिनिटांच्या मोकळ्या वेळासाठी कोण करतं? भिंतीवर असली की चहा उकळेपर्यंत दोन कॉर्ड होतात. ज्या गिटारीला वर्षात कुणाचा हात लागत नाही, ती बॅगेत असली काय आणि भिंतीवर असली काय, तिच्या सुरक्षिततेची चर्चा निरर्थक आहे.

राहिले भाड्यानं राहणारे. उद्यमबागेजवळ, टिळकवाडीत खोली घेऊन राहणाऱ्या पोरांना घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. त्यांनी रुंद पायांचा स्टँड घ्यावा आणि तो रहदारीच्या वाटेपासून दूर ठेवावा. टांगण्याइतका तो चांगला नाही, पण कोपऱ्यापेक्षा कितीतरी बरा. नाहीतर घरमालकाशी सरळ बोलावं. दोन भोकांचा खर्च म्हणजे मूठभर पांढरं सिमेंट आणि ब्रशचा एक हात. म्हणावं, "काका, खोली सोडताना भोकं बुजवून देतो, नाही बुजवली तर डिपॉझिटमधनं कापून घ्या की."