जुनी मोटार आणि उतारवयातील मान

घरात तीस-चाळीस वर्षे निगुतीने सांभाळलेली मोटार असली, की वडीलधाऱ्यांची तिच्यावरील माया काही निराळीच असते. आमच्या परिचयातील ७८ वर्षांच्या एका गृहस्थांनी अशाच मोटारीच्या मागील बंपरआड जाड लोखंडी अँगल वेल्ड करून घेतला. पुढे एकदा सिग्नलला उभे असता मागून टेम्पो आदळला. मोटारीला जेमतेम ओरखडा उमटला, याचे त्यांना कोण कौतुक! त्याच रात्री जेवताना मात्र हातातला घास सुटू लागला. चालता येत होते, पण सदऱ्याचे बटण लागेना.

मागून धक्का बसताच मोटार पुढे झेपावते आणि आसन पाठीला पुढे लोटते. डोके मात्र जागीच राहू पाहते. मग ते मागे कलंडते. हे सारे सेकंदाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात घडते, त्यामुळे मान सावरण्यास सवड मिळत नाही. आसनाची पाठ खांद्यापर्यंतच असेल, तर डोक्याला मागे आधारच नसतो. प्रीमियर पद्मिनीची ती बाकासारखी सलग पुढची सीट आठवून पाहा. त्या पिढीतील मोटारींची हीच रीत होती. अमेरिकेतही नव्या मोटारींच्या पुढील आसनांना हेडरेस्ट सक्तीची झाली ती १ जानेवारी १९६९ पासून. उतारवयात मणक्यांची झीज होऊन मज्जारज्जूची वाट आधीच अरुंद झालेली असते. मान मागे झुकताच, हाड न मोडताही, मज्जारज्जू चिमटला जाऊ शकतो. अशा दुखापतीत पायांपेक्षा हात अधिक दुबळे होतात.

मग लोखंडाने काय साधले? आंब्याच्या पेटीत आपण पेंढा घालतो, तो पेटी मजबूत व्हावी म्हणून नव्हे. मोटारीचा मागचा पत्रा चुरगळतो तेव्हा तो धक्का पेंढ्यासारखा पोटात घेतो. तो चुरगळलाच नाही, तर धक्का अधिक तीव्रतेने आत पोहोचतो. मर्सिडीजमधील अभियंते बेला बारेनी यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९५९ मध्ये आलेल्या मर्सिडीजची दोन्ही टोके चुरगळावीत आणि मधली बैठक शाबूत राहावी, अशीच तिची रचना होती.

बळकटी सर्वस्वी व्यर्थ, असे मात्र नाही. १९६० च्या दशकातील फोर्ड मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा माथा हाच डिकीचा तळ असे. म्हणून तिकडचे हौशी मालक डिकी आणि मागील आसन यांच्यामध्ये पोलादी पत्रा बसवतात. तो आगीपासून आडोसा होतो, मानेला त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे पैसा खर्चायचाच असेल, तर गंजलेला तळपत्रा बदलावा, आसनांचे आणि पट्ट्यांचे बोल्ट पक्के करावेत आणि जाणत्या गॅरेजमधून हेडरेस्टची आसने बसवून घ्यावीत. हेडरेस्टचा माथा डोक्याच्या माथ्याच्या जवळपास असावा आणि डोक्यामागे चार बोटांहून अधिक अंतर नसावे. सीटला बांधलेली उशी हा त्याला पर्याय नव्हे. मागील आसनाची पाठही बहुधा बुटकीच असते, हे आजीला मागे बसवताना विसरू नये.

धडक बसलीच, तर ज्येष्ठांना घाईने बाहेर ओढू नका. मान स्थिर राहू द्या, १०८ ला दूरध्वनी करा. वय ६५ वा अधिक असेल, तर दुखणे किरकोळ वाटले तरी मानेची क्ष-किरण अथवा सीटी तपासणी करावी लागेल, हे गृहीत धरा. ती होईपर्यंत मालीश नको, हाडवैद्य तर मुळीच नको. हातांना मुंग्या, दुबळेपणा, लघवी अडणे यांपैकी काहीही दिसल्यास रात्र उलटू देऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पुढील काही आठवडे डोकेदुखी, गुंगी वा बोलण्यातील गोंधळ यांवर घरच्यांनी लक्ष ठेवावे; मेंदूभोवतीचा रक्तस्राव सावकाशही होतो.

ते गृहस्थ आता फिजिओथेरपीने बटणे लावू लागले आहेत, वरचे एक अजून राहते. चालू औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी त्यांनी मोटारीच्या कप्प्यात ठेवली आहे. आपणही ठेवा.