देव कोपला... आणि मग?

आमच्या नरडाण्यात पावसाने दडी मारली की कोणीतरी हमखास म्हणतं, "देव कोपला!" आणि विषय तिथेच संपतो. बायबलमधला यिर्मया संदेष्टाही हेच म्हणतो, पण तो तिथे थांबत नाही. मजुरी बुडवून महाल बांधणाऱ्या यहोयाकीम राजाला तो नाव घेऊन झापतो. मला वाटतं, देवाच्या शिक्षेची भाषा अशी वरच्यांना जाब विचारायलाच शोभते. सोसणाऱ्यांशी तो वेगळं बोलतो. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्यांना त्याने पत्र पाठवलं: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, त्या शहराचं भलं मागा. किती व्यवहारी!

हे जगून दाखवलं आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींनी. (ते त्याच कैद्यांचे वंशज, असं माझं म्हणणं नाही हं.) नवगावजवळ गलबत फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले, ही त्यांची परंपरागत कथा. तेलाचे घाणे चालवले, शनिवारी बंद ठेवले, म्हणून लोक म्हणू लागले 'शनवार तेली'. गावांवरून किहीमकर, पेणकर झाले. कीर्तनंसुद्धा मराठीत!

१९४८ नंतर बरेचजण इस्रायलला गेले, तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. पण त्याच भूमीत लग्नाच्या वेळी "तुम्ही खरे ज्यू कशावरून?" असं विचारलं गेलं. १९६४ पर्यंत झगडावं लागलं, तेव्हा कुठे सरकारने त्यांना सर्व बाबतींत ज्यू मानलं. कोकणातल्या शेजाऱ्यांना मात्र शनिवारचा बंद घाणा पुरेसा होता.