अब्बांची वही

आमच्या वालिदांच्या इन्तिकालाला या शाबानमध्ये सहा वर्षे होतील. अल्लाह त्यांची मगफिरत करो. मालेगावात त्यांनी अडतीस वर्षे सांचे चालवले. बाहेरचे लोक यंत्रमाग म्हणतात, आमच्याकडे सांचा. 1857 नंतर उत्तर भारतातून जे मोमीन विणकर इकडे आले, त्यांतलेच आमचे पूर्वज. ते हातमागावर बसत. अब्बा बारा-बारा तास सांच्यांपुढे उभे राहत.

मजुरी विणलेल्या कापडावर. धागा तुटला की सांचा थांबतो, आणि सांचा थांबला की मजुरी थांबते. वीज गेली तरी तेच. सुताचे भाव चढून सेठने कारखाना चार दिवस बंद ठेवला तरी तेच. अब्बा एका वेळी सहा सांचे पाहत, एका सांच्याचा धोटा बदलताना कान पाचव्याकडे. त्या खडखडाटाने ते कानही पुढे गेले. कारखान्यात कारागीर एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात. अब्बा घरीही तसेच बोलू लागले. अजान ऐकू येईना, म्हणून घड्याळाकडे पाहून वजूला उठत. केसांत, भुवयांत पांढरे सूत घेऊन यायचे. अम्मी दारातच टॉवेल द्यायची.

मालेगावात सांच्यांची सुट्टी जुम्म्याला. जुम्म्याची नमाज झाली, जेवण झाले की अब्बा एक जुनी शाळेची वही काढून बसत. स्वतः उर्दू चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर मोठे आणि तिरके. आम्हाला वाटे, घरखर्च लिहीत असतील. आम्हा चौघांच्या फिया, पुस्तके, एकाचे बी.एड., हे सगळे त्याच मजुरीतून झाले होते. हिशेब तर ठेवावाच लागणार.

वही उघडली ती दफनानंतर चौथ्या दिवशी. तीत घरखर्च नव्हता, फक्त देणे होते. किराणा 1,140. कांडी भरणाऱ्या एका खालांचे 500. सेठकडून घेतलेली उचल, म्हणजे आमच्याकडची ‘बाकी’, 18,000. फेडलेल्या ओळीवर आडवी रेघ, न फेडलेली तशीच. आणि पहिल्या पानावर, सगळ्यांत जुनी शाई: अम्मीचा मेहर, 501 रुपये. त्यावर रेघ नव्हती.

मरहूमच्या मालातून आधी कफन-दफन, मग कर्ज, मग वसीयत असेल तर एक तृतीयांशापर्यंत, आणि मगच वारसांचे हिस्से. जनाजा समोर आला की रसूलुल्लाह (सल्ल.) आधी विचारत, याच्यावर कर्ज आहे का? हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असते. पण कर्ज म्हटले की दुकानदार आठवतो, मेहर आठवत नाही. न दिलेला मेहर हेही कर्जच. जनाजा अंगणात असताना बायका बेवेला म्हणतात, ‘मेहर माफ कर दो.’ त्या घडीला कोण बेवा नाही म्हणेल? आमच्या मते अशा वेळी माफी मागायला लावणे हा जुलूम आहे. अम्मीलाही तसे सांगणाऱ्या होत्याच. वही पाहिल्यावर ती एवढेच म्हणाली, “उन्होंने लिखा है ना, तो दो.” आम्ही 501 रुपये तिच्या हातात दिले. तिने ते मोजून घेतले.

सेठच्या मुनीमजींच्या खात्यात बाकी 15,000 निघाली. आम्ही वहीप्रमाणे 18,000 दिले. मुनीमजींनी जुनी पाने पुन्हा चाळली. तीन हजारांची एक उचल दुसऱ्याच कारागिराच्या नावावर पडली होती. त्या बिचाऱ्याच्या मजुरीतून ती कापली जात होती.

मग राहिले घर, दोन खोल्यांचे. देणे वजा जाता चार लाख ऐंशी हजारांचे धरले. दादा-दादी हयात नव्हते. औलाद असल्याने अम्मीचा आठवा हिस्सा, 60,000. उरलेल्या 4,20,000 चे सहा भाग: आम्हा दोघा भावांना प्रत्येकी 1,40,000, दोघी बहिणींना प्रत्येकी 70,000. बहिणी लगेच म्हणाल्या, आम्हाला काही नको, माहेर राहू द्या. सूरह निसामध्ये नेमून दिलेला हिस्सा आमच्या समाजात नेमका याच वाक्यावर बुडतो. बहिणीला भीती असते की हक मागितला तर ईदला भाऊ बोलावणार नाही. अम्मीने दोघींना गप्प केले. आधी रक्कम हातात घ्या, मग फेकायची तर फेका, म्हणाली.

घर विकायचे नव्हते, रोख नव्हती. आम्ही भावांनी हप्ते बांधले. तीन वर्षे लागली. नातेवाईक कुजबुजले की मुली बापाच्या घराचे पैसे घेऊन गेल्या. कुजबुजू देत.

धाकटीने त्यातून शिलाई मशीन घेतले. थोरलीने काय केले ते आम्ही विचारले नाही, तिचे पैसे होते.