मुलांचा खेळ जनुकांवरून ठरवू नका

लाळेचा नमुना कुरिअरने पाठवला की आपले मूल वेगाच्या खेळात चमकेल की दमसासाच्या, हे सांगणारा अहवाल आता भारतात घरपोच मिळतो. इंदूरच्या राजेंद्र नगरसारख्या मराठी वस्तीत मुलांचा अभ्यास आणि खेळ दोन्ही मनावर घेणाऱ्या पालकांना तो हवासा वाटला तर नवल नाही. पैसा, वेळ आणि मुलाची उमेद वाया जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा असते. पण या अहवालाच्या हातून ते काम होणार नाही. खेळाडूच्या शरीरावर जनुकांचा प्रभाव असतो, यात शंका नाही. मात्र त्या प्रभावावरून एखाद्या मुलाचे भविष्य वाचता येत नाही, हे गेल्या पाव शतकातल्या संशोधनाने तितक्याच स्पष्टपणे दाखवून दिले आहे.

अशा अनेक अहवालांत ‘एसीई’ हे जनुक असते. त्याच्या सांगण्यावरून तयार होणारे विकर अँजिओटेन्सिन-२ हे रसायन बनवते. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. एनालाप्रिल, रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्या याच विकराला आवर घालतात. जनुकाच्या ‘आय’ प्रकारात २८७ अक्षरांचा एक जादा तुकडा असतो आणि विकराची पातळी कमी राहते. ‘डी’ प्रकारात ती जास्त असते. १९९८ मध्ये ह्यू माँटगोमेरी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये २५ ब्रिटिश गिर्यारोहकांची तपासणी मांडली. सात हजार मीटरच्या वर जादा ऑक्सिजनशिवाय गेलेल्या या मंडळींत ‘आय’ प्रकार सर्वसामान्यांपेक्षा अधिक आढळला. रक्तदाबाचे जनुक दमसासही ठरवते, अशी आशा तिथून पसरली.

ती आशा पुढे टिकली नाही. २००५ मध्ये केनियाच्या अव्वल धावपटूंची तपासणी झाली, तेव्हा या जनुकाच्या बाबतीत ते इतर केनियन लोकांहून वेगळे निघाले नाहीत. त्याच केनियाने १९९८ ते २०१८ या काळात राष्ट्रकुल स्पर्धांतल्या पुरुषांच्या ३००० मीटर स्टीपलचेसची सगळी पदके नेली होती. ती मक्तेदारी २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला मोडली बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे याने. ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्याने रौप्य मिळवले. सुवर्ण फक्त पाच शतांश सेकंदांनी हुकले. शेतकरी कुटुंबातला हा मुलगा बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला तैनात राहिला, सैन्यातच क्रॉसकंट्री धावू लागला आणि स्टीपलचेसकडे विशीनंतर वळला. त्याचा कस लागला तो सैन्याच्या शिस्तीत, प्रशिक्षकाच्या नजरेखाली आणि वर्षानुवर्षांच्या सरावात.

यावर आक्षेप येईल की क्षमता तर आनुवंशिक असतेच. बरोबर आहे. ‘हेरिटेज’ या कौटुंबिक अभ्यासात ९८ कुटुंबांतल्या ४८१ जणांकडून वीस आठवडे सारखाच व्यायाम करून घेतला. काहींची प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळपास वाढलीच नाही, तर काहींची मिनिटाला एक लिटरहून अधिक वाढली. या फरकाचा जवळजवळ निम्मा भाग घराण्याशी जोडलेला दिसला. पण घराण्यात गुण उतरतो, एवढ्यावरून दोन-चार जनुके तपासून तो ओळखता येत नाही. एकट्या रक्तदाबाशीच शेकडो जनुकीय स्थाने निगडित आहेत आणि बहुतेकांचा वाटा पाऱ्याच्या एका मिलिमीटरहूनही कमी आहे. म्हणूनच २०१५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने नमूद केले की गुणवत्ता शोधण्यासाठी किंवा सराव ठरवण्यासाठी अशा घरपोच चाचण्यांचा उपयोग नाही.

‘माहिती असली तर बिघडले कुठे?’ हा दुसरा आक्षेप. बिघडते ते असे: ‘दमसास कमी’ असे छापून आलेला दहा वर्षांचा मुलगा धावायचेच सोडतो, आणि ज्या सरावातून खरे उत्तर मिळाले असते तो सरावच थांबतो. वैद्यकातल्या जनुकचाचणीचे मोल मात्र वेगळे आहे. ‘एमवायबीपीसी३’ या जनुकातला, हृदयाच्या स्नायूच्या विकाराचा धोका वाढवणारा एक दोष सुमारे चार टक्के भारतीयांत आढळतो, असे हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांसह झालेल्या संशोधनातून २००९ मध्ये पुढे आले. घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, खेळताना मुलाला भोवळ येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाकडे जावे आणि ते सांगतील ती चाचणी जरूर करावी.

बाकीच्यांसाठी आरोग्य तपासण्याचे स्वस्त आणि भरवशाचे साधन आहे रक्तदाबाचे यंत्र. मुलाला पाच मिनिटे शांत बसवावे, पाठ टेकलेली असावी, दंडाच्या मापाचा पट्टा हृदयाच्या पातळीवर बांधावा आणि दोनदा मोजावे. लहान मुलाचा आकडा वय आणि उंची पाहून डॉक्टरच ठरवतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात पंधरा वर्षांवरील २४ टक्के पुरुषांना आणि २१ टक्के स्त्रियांना उच्च रक्तदाब आहे. तेव्हा मुलाबरोबर आईवडिलांनीही मोजून घ्यावा आणि मैदानावर उतरावे, कारण नियमित व्यायामाने उच्च रक्तदाब खाली येतो. शाळांनी आणि क्रीडा मंडळांनी हंगामाच्या सुरुवातीला खेळाडूंची अशी तपासणी करण्याचा नियमच करावा. पालकांनी जनुकचाचणीचे पैसे चांगल्या बुटांवर आणि जाणत्या प्रशिक्षकावर खर्च करावेत, आणि कोणता खेळ खेळायचा हे मुलालाच खेळून ठरवू द्यावे.