आधी कॅपचा फॉर्म, मग कॉलेजचा

बारावीचा निकाल लागला की कंधारच्या नेट कॅफेंमध्ये एकच चर्चा सुरू होते: कॅपचा फॉर्म भरायचा, की थेट कॉलेजचाच भरून मोकळं व्हायचं? दुसऱ्या वाटेचा मोह कुणालाही होईल. कॉलेजचा माणूस घरी फोन करतो, 'सीट पक्की' म्हणतो, कागदपत्रंही स्वतःच घेऊन जातो. इकडे सीईटी सेलच्या कॅपमध्ये नोंदणी, पडताळणी, ऑप्शन फॉर्म, मग फेऱ्यांवर फेऱ्या. पण मित्रांनो, सही करण्याआधी एवढंच विचारा: ही सीट कॅपची की संस्था स्तरावरची?

कारण घरचं गणित त्यावरच अवलंबून आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट दोन गोष्टींची: घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्था स्तरावरून गेलेल्या मुलीला ही माफी नाही. मुलांना मिळणाऱ्या राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीलाही कॅपचीच अट आहे. म्हणजे कॉलेज तेच, वर्ग तोच, शेजारी बसणारीची फी माफ आणि तुमच्या बापाला सोयाबीन विकून हप्ता भरायचा!

दुसरी गोष्ट गुणांची. कॅपमध्ये सगळ्यांची एकच गुणवत्ता यादी लागते आणि आपण कुठे आहोत ते दिसतं. एकाच फॉर्मात विष्णुपुरीचं एसजीजीएस टाकता येतं, लातूर टाकता येतं, पुणंही टाकता येतं. मात्र पसंतीक्रम विचार करून लावा. 2025-26 च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागत होती. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम होता. म्हणून 'लागेल ते' वर टाकू नका, 'हवं ते' वर टाका. यंदाचे नियम पोर्टलवर स्वतः वाचा, मित्राच्या स्टेटसवरून ठरवू नका.

मग कॉलेजचा फॉर्म वाया का? अजिबात नाही. कॅपच्या फेऱ्या संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागा कॉलेज स्तरावर भरतात, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. बीए, बीकॉम, बीएस्सीला तर आपल्याकडे कॉलेजच्याच खिडकीवर जावं लागतं. पण बीबीए, बीसीए 2024 पासून सीईटीत आलेत, हे अजून कित्येकांना माहीत नाही. अकरावीचा प्रवेशही 2025 मध्ये राज्यभर ऑनलाइन झाला. दहावी झालेलं भावंड घरात असेल तर त्यालाही हे सांगा.

दोष फक्त पोरांचा नाही. पहिल्यांदाच कॉलेजचं तोंड पाहणाऱ्या घरात 'संस्था स्तर' म्हणजे काय, हे कोण सांगणार? म्हणून आमचं म्हणणं दोन ओळींचं आहे. प्रत्येक कॉलेजने आपल्या फॉर्मवर अगदी वर, ठळक मराठीत छापावं: 'ही जागा कॅपची नाही, हिला फी सवलत नाही.' आणि बारावीच्या कॉलेजांनी निकालानंतर आठवडाभर कॉम्प्युटर लॅब उघडी ठेवून पोरांचे फॉर्म समोर बसवून भरून घ्यावेत.

तोवर क्रम आपणच पाळायचा. आधी कॅप, मग कॉलेज. आणि कॅपच्या फेऱ्या चालू असेपर्यंत मूळ टीसी कुणाच्या हातात द्यायची नाही, तो माणूस कितीही ओळखीचा असला तरी.