बियाण्याच्या राखणदाराला आपली साथ हवी

'हे बियाणे रोगाला बळी पडत नाही' असे कोणी सांगितले, की सारा गाव तेच लावतो आणि निर्धास्त होतो. आमच्या मते ही निर्धास्ती घातक आहे. प्रतिकारक वाण रोगाशी कसा लढतो हे समजून घेतले, म्हणजे आमचे म्हणणे पटेल.

मिरचीचेच उदाहरण घेऊ. झान्थोमोनास नावाच्या जिवाणूंमुळे तिच्या पानांवर काळपट ठिपके पडतात, पाने गळतात, फळांवर खरबरीत डाग येतात. हे जिवाणू पेशींच्या मधल्या फटींत राहतात आणि सुईसारख्या नळीतून आपली प्रथिने पेशीत सोडतात. त्यांमुळे झाडाची प्रतिकारशक्ती दबते. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या फिरत्या पेशी असतात, तशा झाडात नसतात. म्हणून झाडाच्या पेशीला आपला राखणदार आतच ठेवावा लागतो. हा राखणदारही एक प्रथिनच. जिवाणूचे ठरावीक प्रथिन ओळखताच तो इशारा देतो, आणि ती पेशी स्वतः मरून जिवाणूची वाट अडवते. माणसाच्या पेशींतही असे राखणदार आहेत. साल्मोनेला जिवाणूच्या शेपटीचे प्रथिन पेशीत आले की ते ओळखतात.

दक्षिण अमेरिकेतील एका रानमिरचीत असा प्रतिकार असल्याचे १९८४ साली प्रसिद्ध झाले. संकर करून तो गुण लागवडीच्या मिरचीत आणला गेला. १९९९ मध्ये त्याचे बीएस-२ हे जनुक शास्त्रज्ञांनी वेगळे काढले. हा राखणदार जे प्रथिन ओळखतो, ते जिवाणूलाही हवेसे असते. ते टाकणे त्याला परवडणार नाही, म्हणून हा प्रतिकार टिकेल अशी आशा होती. तरी अमेरिकेतल्या शेतांत त्या प्रथिनात थोडा बदल झालेले जिवाणू निघालेच. चोराने वेष पालटला आणि राखणदार फसला.

यात बियाण्याला दोष देता येत नाही. पण सगळ्या शेतांत एकच राखणदार असला, तर त्याला चकवणारा जिवाणू सगळ्या शेतांत मोकाट सुटतो. म्हणून शेतकरी बांधवांनो, प्रतिकारक वाण जरूर लावा, मात्र गावाने एकाच वाणावर भिस्त ठेवू नये. हा रोग बियाण्यातूनही पसरतो, तेव्हा रोगट फळांचे बी राखू नका. रोगट झाडांचे अवशेष शेतात ठेवू नका. पुढच्या हंगामात त्या जागी मिरची-टोमॅटो सोडून दुसरे पीक घ्या. हे एकट्याने करून भागणार नाही. शेजाऱ्यांशी बोलून, मिळून ठरवा.