आग्रा ते मातारा, मार्गे धंतोली

एका हाताला धंतोली आणि दुसऱ्या हाताला रामदासपेठ ठेवून जाणारा वर्धा रोड नागपूरकरांच्या रोजच्या वापरातला. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारातून आखलेल्या आशियाई महामार्गांच्या नकाशात मात्र नागपूरवरून ‘एएच ४३’ची रेघ जाते: आग्रा, ग्वाल्हेर, नागपूर, हैदराबाद, बंगळूर, मदुराई, धनुष्कोडी आणि समुद्रापलीकडे थेट श्रीलंकेच्या दक्षिण टोकाचे मातारा. आता जड वाहनांना बाहेरचा रिंगरोड आहे. याच मार्गावरचा जुना सात नंबरचा हायवे मात्र वर्धा रोडनेच बुटीबोरी गाठत असे. हजिऱ्याहून बंगालकडे जाणारा ‘एएच ४६’ही नागपूरलाच येऊन मिळतो. झिरो माईलचा अभिमान बाळगणाऱ्या शहराला आणखी काय हवे?

हवे ते नंबराने मिळत नाही, ही अडचण आहे. धनुष्कोडी डिसेंबर १९६४च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाले. पुढे रामेश्वरम–तलैमन्नार बोटही श्रीलंकेतल्या यादवीत बंद पडली. २००५ साली आशियाई महामार्गांचा करार अमलात आला, तरी ही रेघ पाण्यावर तुटलेलीच आहे.

युरोपही याला अपवाद नाही. आयर्लंडमधल्या शॅननपासून रशियातल्या सेंट पीटर्सबर्गपर्यंतचा ‘ई २०’ हा युरोपीय महामार्ग इंग्लंडमधल्या हलला समुद्रापाशी थांबतो आणि डेन्मार्कच्या एस्बियर्गला पुन्हा उगवतो. दोहोंमध्ये प्रवासी बोट नाही. ब्रिटनमध्ये तर ‘ई’ नंबरांच्या पाट्याच लावत नाहीत, त्यामुळे गाडी हाकणाऱ्याला आपण कुठल्या आंतरराष्ट्रीय रस्त्यावर आहोत याचा पत्ता नसतो. याच ‘ई २०’वरची कोपनहेगन आणि माल्मो जवळ आली ती २००० साली ओरेसुंडचा पूल झाल्यावर. लोक त्या पुलावरून नोकरीला जाऊ लागले, नंबरावरून नव्हे.

धंतोलीत येणाऱ्यांना वर्धा रोडचे अप्रूप वेगळेच. उत्तरेकडून शिवनी आणि बालाघाटचे, दक्षिणेकडून हिंगणघाट, पांढरकवडा आणि आदिलाबादचे पेशंट इथल्या दवाखान्यांत येतात. शेकडो किलोमीटर चौपदरी रस्त्याने गाडी भरधाव येते आणि शेवटच्या दोनशे मीटरवर अडकते: दुतर्फा लावलेल्या गाड्या, मधोमध ऑटो, मागे सायरन वाजवणारी अँब्युलन्स. इथल्या पार्किंगचे गाऱ्हाणे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जाऊन आले आहे. त्याच वर्धा रोडवर अजनीच्या पुढे ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर पूल २०२०च्या नोव्हेंबरात खुला झाला आणि त्याची गिनीज बुकात नोंदही झाली. पूल उपयोगाचा आहे, यात वाद नाही. पण गल्लीतल्या पार्किंगला विक्रमाचे सर्टिफिकेट मिळत नाही, म्हणून ते काम कायम मागे पडते, अशी शंका घ्यायला जागा आहे.

मंजूर नकाशात पार्किंग म्हणून दाखवलेल्या तळघरात खरोखर गाड्याच उभ्या राहतात का, हे महापालिकेने धंतोलीत दारोदार जाऊन तपासावे आणि निष्कर्ष जाहीर करावेत. काँग्रेसनगर आणि रहाटे कॉलनी ही मेट्रो स्टेशने हाकेच्या अंतरावर आहेत; तिथून दवाखान्यांपर्यंत लहान फीडर गाडी चालवणे फार मोठे काम नाही. गणेशपेठच्या एसटी स्टँडवर उतरणाऱ्यांनाही ती लागेल. मुक्कामाचे डबे आणि एक्स-रेचे पाकीट सांभाळत आलेल्या त्या माणसाला सध्या ऑटोवाला सांगेल तेवढे भाडे मोजावे लागते.